जांभ्याच्या घरात वायफाय : खोक्यावर १२००, मागच्या माडीवर ३

जांभोटी_वाट · ११ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. गाव खानापूर तालुक्यात, जांभोटीच्या वाटेवर. घर आजोबांच्या वेळचं, जांभ्या चिऱ्याचं. भिंती दीड फूट जाड, वर कौलं. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि त्याच्यावर मागची माडी. पुण्याच्या ऑफिसचं काम मी माडीवर बसून करतो, कारण सोप्यात दिवसभर येणंजाणं चालू असतं आणि प्रत्येकाला चहा विचारावा लागतो.

फायबर घेऊन चार महिने झाले, प्लॅन २०० एमबीपीएसचा. राउटर वेगळा घेतला. खोक्यावर मोठ्ठं 'एसी १२००' लिहिलंय, चार अँटेना आहेत. सोप्यात ९४ मिळतात, माडीवर ३, कधी तेही नाही. मीटिंगमध्ये मला सगळ्यांचं ऐकू येतं, पण माझा आवाज त्यांना जात नाही. मोबाईलवर मात्र वायफायच्या दांड्या तीन दिसतात!

दुकानदार म्हणाला, 'सहा अँटेनावाला घ्या.' घ्यावा का?

गणपतगल्ली_२० · ११ जून, रात्री १०:१५

बूस्टर लावा ओ. हजार-बाराशेचं काम. माझ्याकडं दोन वर्षं झाली, काही तक्रार नाही.

वायरमन_खानापूर · ११ जून, रात्री १०:३१

जांभ्यात लोखंड असतंय. लोखंडातनं रेंज कशी जाईल? ह्या घरात वायफाय चालणारच नाही बगा, वायरच ओढा.

अनगोळचा_मास्तर · १२ जून, सकाळी ६:२०

वायरमन, निकाल बरोबर दिलात, कारण चुकलं. जांभ्यात लोह असतं खरं, पण ते गंजाच्या रूपात. त्यातून पत्र्यासारखा अडसर होत नाही. खरा अडसर दीड फुटाच्या जाडीचा, आणि जांभा सच्छिद्र असल्यामुळे त्यात मुरणाऱ्या पाण्याचा.

जांभोटीकर, अजून काही विकत घेऊ नका. आधी मोजा. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं अ‍ॅप घ्या, ते सिग्नल डीबीएममध्ये दाखवतं. हा आकडा उणे असतो. -४५ म्हणजे उत्तम, -६५ पर्यंत मीटिंग बिनघोर चालते, -७५ ला रडारड, -८५ ला नुसतं नाव दिसतं. दांड्यांवर जाऊ नका. तीन दांड्या म्हणजे किती हे प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं ठरवते.

राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वायफाय सोडतो. त्यांना वेगळी नावं द्या आणि प्रत्येक खोलीत दोन्हींवर मोजा. फोन छातीशी धरू नका, स्टुलावर ठेवा. आपलं अंग म्हणजे पाण्याची पिशवीच, तेही सिग्नल खातं.

आणि एक प्रश्न. ते ९४ कधी ९५-९६ च्या पुढं गेलेत का? राउटर उलटा करून खालची चिठ्ठी वाचा.

जांभोटी_वाट · १३ जून, रात्री ८:०५

मास्तर, मोजलं. पोरगा वही घेऊन मागं होता.

सोपा, राउटरपासून २ मीटर : ५ वर -४४, वेग ९४. २.४ वर -४०, वेग ५२.
माजघर, ६ मीटर, मध्ये एक भिंत : ५ वर -६६, वेग ७१. २.४ वर -५७, वेग ३३.
स्वयंपाकघर, दोन भिंती : ५ वर -८३, जोडतं आणि तुटतं. २.४ वर -७०, वेग १४.
माडी : ५ दिसतच नाही. २.४ वर -७९, डाउनलोड ३, अपलोड ०.४.

राउटरच्या पोटावर 'लॅन १०/१००' असं लिहिलंय. म्हणजे काय?

अनगोळचा_मास्तर · १३ जून, रात्री ९:४०

मला वाटलंच होतं. ९४ हा आकडा दिसला की मी हवेकडं बघत नाही, वायरीकडं बघतो. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून वरखर्च वजा जाता एवढंच हाती लागतं. तुमच्या राउटरचं वायफाय त्याहून वेगवान असेल, पण फायबरच्या डबीतून राउटरकडं येणारी वाटच शंभराची आहे. दोनशेचे पैसे भरताय आणि निम्मे सोप्यातच सांडताय. गिगाबिट पोर्ट असता तर चिठ्ठीवर १०/१००/१००० असतं.

आता ते '१२००'. ही ३०० आणि ८६७ ची बेरीज, वर थोडी गोळाबेरीज. ३०० हे २.४ चे, ८६७ हे ५ चे. दोन्ही एकाच फोनला एकदम मिळत नाहीत, म्हणून बेरजेला तसा अर्थ नाही. शिवाय ८६७ म्हणजे दोन अँटेनांच्या फोननं ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर, राउटरच्या पुढ्यात बसून हवेत बोलण्याचा वेग. त्यातला बराच वेळ पोचपावत्या, वाट बघणं आणि चुकलेलं पुन्हा पाठवणं यात जातो. फाइल उतरवताना त्याच्या ५० ते ६५ टक्के पडले तर उत्तम समजा. बासमतीचं वजन पोत्यासकट सांगावं, तसं आहे हे.

तुमच्या वहीतली मजेची गोष्ट भिंत आहे. ५ वर सोप्यातून माजघरात जाताना २२ डीबी गेले. अंतर दोनाचं सहा मीटर, म्हणजे तिप्पट झालं, त्याचे साधारण साडेनऊ. उरलेले साडेबारा भिंतीनं खाल्ले. साडेबारा डीबी म्हणजे पलीकडं पोचली ती ताकद अठरावा हिस्सा. तशीच दुसरी भिंत आली की अठराव्याचा अठरावा, म्हणजे तीनशेत एक. २.४ ला तीच भिंत साडेसात डीबीला पडली, म्हणून तो स्वयंपाकघरापर्यंत तगला. चार अँटेना असोत की सहा, हा हिशोब हलत नाही.

गणपतगल्ली_२० · १३ जून, रात्री १०:०२

मग पॉवर वाढवायची. सेटिंगमध्ये 'हाय' असतं की.

अनगोळचा_मास्तर · १३ जून, रात्री १०:२५

ती आधीच हायवर असणार. आणि राउटर ओरडला म्हणून फोनचा घसा मोठा होत नाही. फोनला बॅटरी सांभाळायची असते, त्याचा रेडिओ राउटरपेक्षा बारका. म्हणून जांभोटीकरांना सगळ्यांचं ऐकू येतं पण यांचं कुणाला जात नाही. डाउनलोड ३, अपलोड ०.४, हाच त्याचा पुरावा.

तिलकवाडी_अभ्यासिका · १४ जून, दुपारी १:१०

मधेच शिरते, माफ करा. माझी अभ्यासिका आहे, एकच हॉल, ४० बाय २५ फूट, भिंतीबिंती काही नाही. ३५ मुलं बसतात. सकाळी सातला दहा जण असतात तेव्हा वायफाय पळतं. अकरा वाजले की सगळ्यांचंच बसतं. प्लॅन ३०० चा केला, काडीचा फरक नाही. हे कुठल्या भिंतीचं?

अनगोळचा_मास्तर · १४ जून, संध्याकाळी ५:४५

ताई, तुमच्याकडं भिंत नाही, रांग आहे. एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं. ग्रामसभेत माईक एक असतो तसं. त्यात एखादा कोपऱ्यातला फोन कमजोर सिग्नलवर ६ एमबीपीएसनं बोलत असेल तर १० एमबीच्या नोट्स उतरवायला तो तेरा सेकंद माईक धरून ठेवतो. राउटरजवळचा २०० नं तेच काम अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतो. हळू बोलणारा स्वतःचं नुकसान करतो ते वेगळंच, तो सगळ्यांचा वेळ खातो. म्हणून प्लॅन वाढवून उपयोग झाला नाही.

राउटर कुठं आहे? आणि सगळ्यात वाईट सिग्नल कुठल्या टेबलावर?

तिलकवाडी_अभ्यासिका · १६ जून, दुपारी १२:३०

राउटर दाराशी, माझ्या लोखंडी कपाटावर. सगळ्यात वाईट जिन्याखालची दोन टेबलं, तिथं २.४ वर -८१. आणि हो, तिथंच बसणाऱ्या दोघांचे फोन जुने, त्यांना ५ दिसतच नाही.

अनगोळचा_मास्तर · १६ जून, रात्री ८:५०

कपाटावरून उतरवा आणि हॉलच्या मध्ये छताला लावा. ५ चं वेगळं नाव करून मुलांना तेच द्या, २.४ फक्त त्या जुन्या फोनांना. २.४ ची रुंदी २० वर, चॅनल १, ६ किंवा ११ यांतला जो मोकळा असेल तो. तीन किंवा चार घेऊन 'मधला मार्ग' काढू नका, तो दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या पायात येतो. सेटिंगमध्ये 'बी' मोड, म्हणजे जुन्या हळू वायफायची सोय, चालू असेल तर बंद करा. प्रत्येक फोनला वेगाची मर्यादा घालता येत असेल तर १० ची घाला. ३५ मुलं एकदम पूर्ण जोरात उतरवत नसतात.

वडगाव_माग · १६ जून, रात्री ९:१५

आमच्या गल्लीत भिंतीला भिंत. अ‍ॅपमध्ये २६ नावं दिसतात, त्यातली अकरा चॅनल ६ वर! २.४ ला रात्री आठनंतर हात लावायचा नाही असं मी ठरवूनच टाकलंय. गंमत म्हणजे आमच्याकडं ५ ची रेंज कमी असते ती सोयीची पडते. शेजाऱ्याचा ५ आमच्याकडं पोचत नाही, आमचा त्याच्याकडं जात नाही, दोघं सुखी.

जांभोटी_वाट · १९ जून, रात्री १०:००

कबुली द्यायची आहे. मास्तरांचं न ऐकता मेव्हण्याकडचा बूस्टर आणून स्वयंपाकघरात लावला. माडीवर सिग्नल -५२! पाचपैकी पाच दांड्या. आनंदात वेग बघितला : ६. आधीपेक्षा दुप्पट म्हणायचं की काय म्हणायचं?

अनगोळचा_मास्तर · १९ जून, रात्री १०:२०

दांड्या बूस्टरपर्यंतच्या आहेत. बूस्टर बिचारा -७० वर राउटरचं अर्धवट ऐकतोय आणि तेच तुम्हाला मोठ्यानं सांगतोय. त्यात ऐकायला आणि सांगायला एकच रेडिओ, म्हणून प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते आणि वेग निम्मा होतो. बूस्टर लावायचाच तर सिग्नल चांगला असेल तिथं, म्हणजे माजघरात. पण तिथून माडीपर्यंत पुन्हा भिंत आहेच.

गणपतगल्लीकरांच्या घरात अर्ध्या विटेच्या भिंती असणार, म्हणून त्यांचं चालतं. त्यांना खोटं पाडत नाही.

गणपतगल्ली_२० · १९ जून, रात्री १०:४१

चार इंची भिंती. मान्य. 😄

वायरमन_खानापूर · २० जून, सकाळी ७:३०

म्हंजे माझं पहिल्या दिवशीचंच खरं झालं की! वायर ओढा.

जांभोटीकर, चार गोष्टी सांगतो. जांभ्याला होल मारायला लई जोर लागत नाही, काँक्रीटपेक्षा मऊ असतोय. खरं दीड फुटाचा बिट घेऊन एकदम घुसवू नका, चिऱ्यातला दगड निघाला की बिट तिरका पळतोय. सांध्याच्या जवळ मारा. होल आतनं बाहेर थोडा उतरता ठेवा, न्हाईतर पावसाचं पाणी वायरीवरनं घरात येतंय.

केबल तांब्याचीच घ्या. स्वस्तातली वरनं तांबं आणि आतनं अ‍ॅल्युमिनियम असते. चाकूनं तार खरवडून बगा, पांढरी निघाली तर परत द्या. त्याच केबलमधनं एपीला, म्हंजे माडीवर वायफाय सोडणाऱ्या डबीला, करंट पण न्यायचा असतोय, अ‍ॅल्युमिनियमवर तो कमी पडतोय आणि एपी रात्रीअपरात्री बंद-चालू होत बसतोय. शंभर मीटरच्या आत ठेवा म्हंजे झालं, तुमचं तर वीसात भागेल.

आणि घराबाहेरनं, गोठ्याकडं वगैरे तांब्याची लॅन केबल मोकळी ओढू नका. वळवाच्या टायमाला वीज लांब कुठंतरी पडते आणि केबलच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. यंदा मे महिन्यात अशी तीन घरं केली मी. बाहेरनं न्यायचंच असेल तर फायबर न्या, त्यातनं करंट येत नाही.

निपाणीची_वहिनी · २० जून, सकाळी ११:०५

वायरमनदादा, हे वेगळं लिहून ठेवा कुठंतरी. आमचा टीव्ही, राउटर आणि कॅमेऱ्याची डबी असंच एका रात्रीत गेलं.

दूधगंगा_काठ · २२ जून, दुपारी ३:२०

आमचा प्रश्न घरातला नाही, शेतातला. सदलग्याकडं आमची विहीर घरापासून ६०० मीटरवर. मोटरीची केबल चोरीला गेली म्हणून कॅमेरा लावला आणि घरावरनं तिकडं ५ गिगाहर्ट्झच्या दोन डिश समोरासमोर बसवल्या. दोन्हीकडं १२ फुटी पाइप. गेल्या वर्षी फेब्रुवारीत बसवलं, -५८, झकास. एप्रिलमध्ये पण झकास. खरं ऑगस्टनंतर रोज तुटाय लागलं आणि दिवाळीला तर बंदच. बसवणारा म्हणतोय पावसानं होतंय. पाऊस थांबला तरी चालू होत नव्हतं की!

अनगोळचा_मास्तर · २२ जून, रात्री ९:३०

मधे ऊस आहे ना?

दूधगंगा_काठ · २२ जून, रात्री ९:३४

सगळा ऊसच हाय.

अनगोळचा_मास्तर · २२ जून, रात्री १०:१०

मग पावसावर आळ नको. ५ गिगाहर्ट्झला पावसाच्या सरींनी एवढ्या अंतरावर जवळजवळ काही होत नाही. ओल्या पानांनी होतं.

दोन डिशांमध्ये लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. तिला मधोमध फुगलेल्या काकडीच्या आकाराची जागा लागते, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ६०० मीटरच्या मधोमध, ५.८ गिगाहर्ट्झवर त्या काकडीची त्रिज्या साधारण २.८ मीटर. त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे १.७ मीटर, रेषेच्या खालच्या बाजूला मोकळी हवी. तुमचा पाइप १२ फूट, म्हणजे ३.७ मीटर. म्हणजे जमिनीपासून दोन मीटरपर्यंत पीक चालेल. फेब्रुवारीत तोडणी झालेली, जमीन मोकळी. एप्रिलमध्ये खोडवा गुडघ्याला. ऑगस्टात ऊस डोक्याच्या वर गेला की तो काकडीत घुसतो, आणि दिवाळीला तुऱ्यासकट डिशच्या तोंडासमोर उभा.

ऊस ४ मीटर धरला तर ४ आणि १.७, पावणेसहा मीटर. दोन्हीकडं २० फुटी पाइप करा. वाऱ्यानं हलू नये म्हणून तीन बाजूंनी ताण द्या. उंच पाइपला अर्थिंगही हवं.

दूधगंगा_काठ · २२ जून, रात्री १०:२२

आयला. आमच्या आबानं गेल्या दिवाळीत म्हटलं हुतं, 'ऊस तोडल्यावर चालू हुईल बग.' आम्ही हसलो हुतो.

चंदगडी · २३ जून, सकाळी ८:००

आबांना एक डिश भेट द्या.

तिलकवाडी_अभ्यासिका · २८ जून, दुपारी ४:००

मास्तर, राउटर मध्ये टांगला, मुलांना ५ वर नेलं, जिन्याखालच्या टेबलांवर आता वर्तमानपत्रं ठेवलीत. अकरा वाजताही व्हिडिओ लेक्चर थांबत नाही. ३०० चा प्लॅन परत १०० वर आणला. राउटरसाठी एक छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मात्र घ्यावा लागला, लाइट गेली की पस्तीस डोकी एकदम माझ्याकडं बघायची.

जांभोटी_वाट · ६ जुलै, रात्री ९:१५

झालं एकदाचं. सोप्यात गिगाबिट पोर्टचा राउटर, तिथून केबल माजघराच्या झरोक्यातून, पुढं स्वयंपाकघराच्या भिंतीला जुन्या नळाचं बुजवलेलं भोक होतं त्यातून वर. माडीवर तुळईला एपी. भोक सापडल्यामुळे वायरमनचा बिट वाया गेला.

नवे आकडे, सगळे ५ वर. माडी : -४७, डाउनलोड १८९, अपलोड १८०. स्वयंपाकघर : -६१, वेग १३५. माडीच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये लाकडी तक्तपोशी आहे, तिनं फार खाल्लेलं दिसत नाही. माजघर : पुढच्या राउटरवरून -६७.

एक अडचण. दोन्हींना नाव-पासवर्ड एकच ठेवलं. सोप्यातून फोन घेऊन माडीवर गेलो की तो पुढच्यालाच चिकटून राहतो, -७८ झालं तरी सोडत नाही.

अनगोळचा_मास्तर · ६ जुलै, रात्री १०:०५

कुठल्या एपीला धरायचं हे फोन ठरवतो, एपी नाही. काही फोन माहेर सोडायला तयार नसतात. पुढच्या राउटरची २.४ ची पॉवर 'लो' करा, म्हणजे तो माडीपर्यंत पोचणारच नाही. दोघांचे चॅनल वेगळे ठेवा, २.४ ला एकाला १ आणि दुसऱ्याला ११. पॉवर वाढवा म्हणून सगळे सांगतात, दोन एपी झाले की ती कमी करायची असते.

जांभोटी_वाट · ९ जुलै, सकाळी ७:४०

पॉवर लो केली. आता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बदलतो, अगदी रोज त्याच पायरीवर. मीटिंगमध्ये आवाज जातो, बॉस म्हणाला, 'आज पाऊस ऐकू येतोय तुमच्याकडचा.'

माजघराची भिंत आता पार ओली आहे, हात लावला की गार लागते. परत मोजलं, जूनपेक्षा ३ डीबी कमी. पण फोन स्टुलावर आडवा ठेवला की उभा, एवढ्यानंही तितका फरक पडतो, त्यामुळे पावसावर लिहून देणार नाही.

दूधगंगा_काठ · १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५०

धागा वर काढतोय. २० फुटी पाइप श्रावणात बसवले. ऊस आता अकरा फुटांवर गेलाय. लिंक -६०, एकदा पण तुटली नाही. आबा रोज सकाळी मोबाईलवर विहीर बघतात आणि मग विहिरीवर जाऊन परत बघून येतात.